खोलीत किटली, म्हणजे वेगळी चूल?

शहापूर, बेळगावहून एका सूनबाईंचं पत्र आलंय. लग्नाला चार वर्षं झाली. घर जुनं, अरुंद आणि लांबलचक. खाली स्वयंपाकघर, माजघर आणि सासू-सासऱ्यांची खोली, वर माडीवर या नवरा-बायकोची. दीर-जाऊ आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगाही याच घरात. सूनबाई बेंगळूरच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करतात. आठवड्यातून तीन-चार रात्री मीटिंग अकरापर्यंत लांबते. सासूबाईंचा ओटा मात्र साडेनऊला पुसून कोरडा झालेला असतो, आणि त्यानंतर खाली लायटर नुसता टिचकला तरी त्यांची झोप मोडते. म्हणून यांनी वर्षापूर्वी आठशे रुपयांची साधी इलेक्ट्रिक किटली आणली. तिच्यातल्या पाण्याचा ग्रीन टी कडू लागतो. मध्ये पुतण्यानं तिच्यात दूध तापवलं, ते उतू गेलं, बूड करपलं. आता त्यांना तापमान ठरवता येणारी किटली घ्यायची आहे, चार-साडेचार हजारांची, स्वतःच्या पगारातून, आणि ती वर आपल्या खोलीत ठेवायची आहे.

यावर सासूबाई म्हणाल्या, "आता खोलीत चूल मांडायलीस काय गं? घरात माग होते तवा रात्री दोन-दोनदा उठून चहा केलाय मी. मला कुणी किटली आणून दिली नाही." सासरे म्हणाले, "दोनशे युनिटांवर गेलं तर सगळं बिल भरावं लागतंय बघ." नवरा म्हणाला, "किटलीच की ती, एवढं काय!" सूनबाईंचे प्रश्न दोन: कोणती घेऊ, आणि मुळात घेऊ का?

---

किटलीकडे नंतर येते. आधी चूल.

सासूबाई हे रागानं म्हणाल्या की हसत, ते पत्रात नाही. तुम्ही टोमणा धरलात, आणि असेलही तो टोमणा. पण त्यांनी शब्द कुठला उचलला बघा. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतात. वाटणीचे कागद, वकील, उतारे हे सगळं मागाहून येतं. आधी घरातून दुसरा धूर निघतो. जनगणनेला येणारा माणूससुद्धा एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं बघूनच कुटुंब मोजतो. त्यामुळे पाणी तापवायची एक वस्तू माडीवर जाणार म्हटल्यावर तुम्हाला जिन्याच्या फेऱ्या वाचताना दिसल्या आणि त्यांना तो दुसरा धूर दिसला. चार वर्षांच्या सुनेला हे चटकन कळत नाही, यात तुमची चूक नाही. मला स्वतःला कळायला बरीच जास्त वर्षं लागली.

त्यांच्या दुसऱ्या वाक्यावर मी जास्त वेळ थांबले. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या भागात ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांना मागाचा खटखटाट झोपेतसुद्धा ओळखीचा असतो. अशा घराला रात्रपाळी काही बेंगळूरच्या कंपनीनं शिकवलेली नाही. रात्री अकराला चहा लागणारा माणूस त्या घरात पूर्वीही होता, आणि त्याच्यासाठी पदर खोचून उठणारी बाई तुमच्या सासूबाई होत्या. आता रात्री काम करणाऱ्या तुम्ही आहात आणि तुम्हाला कुणाला उठवायचं नाही, हे तुमचं चांगलंच आहे. पण साडेनऊला कोरडा होणारा तो ओटा ही त्यांची पेन्शन समजा. त्याला हात लावलेला त्यांना चालत नाही, यात नवल नाही.

तुम्ही धरून चालला आहात की सासूबाईंचा किटलीला विरोध आहे. मला पत्रातून तसं काही दिसत नाही. 'मला कुणी किटली आणून दिली नाही' असं म्हणणाऱ्या बाईला किटली नकोच असते, हे कुणी सांगितलं?

हे मनात ठेवा, आता कडू चहाकडे वळू.

साध्या किटलीचं काम असं चालतं: पाण्याला उकळी आली की वाफ आतल्या एका फटीतून मुठीकडच्या बाजूला जाते, तिथली धातूची चकती तापून उलटी वाकते आणि खटका बंद होतो. म्हणजे उकळी येण्याआधी थांबायचं हे तिला माहीतच नाही. झाकण उघडं राहिलं तर वाफ भलतीकडे जाते आणि ती बंदही होत नाही. ग्रीन टीला लागतं ७० ते ८० अंशांचं पाणी. त्याहून कढत पाण्यात पानांतला तुरट-कडू भाग आणि कॅफिन जास्त उतरतं. तेव्हा दोष किटलीचा आहे, हे तुमचं निदान अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्याबद्दल एक विचारते: मीटिंग सुरू असताना ती चहाची पिशवी कपातच पडून राहते ना? दोन-तीन मिनिटांत ती काढायला हवी. पंधरा मिनिटं भिजत राहिली तर साडेचार हजारांच्या किटलीतलं पाणीही तिला वाचवू शकणार नाही.

आणि ८० अंशांचं पाणी करायला यंत्रच लागतं असंही नाही. आपल्या घरांत बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन त्यात गार पाण्याचं विसण घालायची रीत आहे. थर्मामीटर कुणाकडेच नव्हता, तरी तान्ह्या पोराला कधी चटका बसला नाही. तेच इथे करायचं. चार वाट्या नुकतंच उकळलेलं पाणी, त्यात एक वाटी पिण्याचं गार पाणी. कपाला थोडी ऊब जाते ती धरून पाणी ८०च्या आसपास येतं. एका कपापुरतं करायचं तर आधी पाचवा हिस्सा गार पाणी कपात घाला आणि वर उकळतं ओता. आठ दिवस हे करून बघा. चव सुधारली आणि रोज विसण घालायचा कंटाळा आला, तर नवी किटली घ्या. पैसे वाया जाणार नाहीत. चव सुधारली आणि कंटाळाही आला नाही, तर तुमचे साडेचार हजार वाचले. मात्र जुन्या किटलीचं करपलेलं बूड आधी निघायला हवं, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. बूड बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून कोमट करा, रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी उलथन्यानं हळू खरवडा. तारेची घासणी लावू नका.

आता समजा, घ्यायचीच ठरली. मग दुकानात जाऊन 'सगळ्यात चांगली दाखवा' म्हणण्याआधी घरात कोण काय पितं ते मांडून बघा. तुमच्या पत्रात मला एवढं सापडलं: तुम्ही ग्रीन टी पिता आणि कधीतरी चिकमगळूरहून आणलेल्या पावडरीची फिल्टर कॉफी, सासरे आलं-गवती चहा घालून उकळलेला चहा, सासूबाई सकाळी उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी. जाऊबाई आणि दीर काय पितात ते पत्रात नाही, तेवढं विचारून घ्या.

यातला सासऱ्यांचा चहा बाजूला काढा. तो पातेल्यातच होणार. किटलीत चहा होत नाही, पाणी होतं, आणि हे पुतण्यालाही नीट सांगा. दूध तळाला धरतं, करपतं, फेस वर चढून वाफेच्या फटीत जातो, आणि तापमानाच्या किटलीत तर तळाशी असलेला सेन्सर करपलेल्या थरामुळे चुकीचं वाचायला लागतो. फिल्टर कॉफीला ९० ते ९५ अंश पुरतात. उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून ओतलं तरी तेच होतं. म्हणजे बगळ्याच्या मानेसारखी लांब बारीक तोटी असलेली जी महाग किटली तुम्ही पाहिलीय, तिचं तुम्हाला काम नाही. कागदाच्या गाळणीवर थेंबाथेंबानं पाणी ओतून कॉफी करणाऱ्यांसाठी ती तोटी असते. स्टीलच्या फिल्टरमध्ये वरून चकती दाबून पाणी ओतायचं असतं. तिथे धार बारीक की जाड, कॉफीला काही फरक पडत नाही.

तेव्हा तुमच्या घराला लागतात चार आकडे: ४५-५०, ८०, ९० आणि उकळी. एकेक अंश मागेपुढे करता येतो म्हणून हजार रुपये जास्त देऊ नका. जिभेला ७९ आणि ८० कळत नाहीत. पण सगळ्यात खालचा आकडा कुठला आहे ते जरूर बघा. काही किटल्या ६०च्या खाली उतरतच नाहीत, आणि मग सासूबाईंचा तांब्या पुन्हा गॅसवरच. माझ्या मते तुमच्या निवडीतली ही सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. रंग आणि चकाकणारी पट्टी यांपेक्षा कितीतरी.

आकार एक लिटरच्या आसपास. मोठ्या दीड-पावणेदोन लिटरच्या किटलीत खालची खूण बरेचदा अर्ध्या लिटरवर असते, म्हणजे एका कपासाठी दुप्पट पाणी तापवायचं. खुणेपेक्षा कमी पाणी घातलं की ते इतक्या झरझर तापतं की सेन्सरला कळेपर्यंत आकडा पुढे निघून गेलेला असतो. आतून पूर्ण स्टील, तोंड एवढं रुंद की हात घालून घासता येईल, भिंत दुहेरी असली तर उत्तम. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, बाहेरून चटका बसू नये. आयएसआयची खूण बघा. 'गरम ठेवा' हे बटण असतं, ते अर्ध्या-एक तासानं आपोआप बंद होतं का ते विचारा. आणि तुमच्यासाठी खास: या किटल्या काम झालं की 'टीं टीं' करतात. लायटरच्या आवाजानं उठणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या माडीत रात्री पावणेअकराला ही टीं टीं झाली, तर आपण होतो तिथेच परत आलो. आवाज बंद करता येतो का, हे दुकानात प्लग लावून करून बघा.

घेताना आणखी एक विचारा, बिघडली तर दुरुस्ती कुठे? साध्या किटलीचा खटका गल्लीतला कारागीरही बदलून देतो. तापमानाच्या किटलीत इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, तिला तो हात लावत नाही. ऑनलाइन शे-दोनशे स्वस्त मिळते, पण कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात नसेल तर हुबळी नाहीतर कोल्हापूर, आणि दोन्हीकडे जाऊन यायला दिवस मोडतो. खडे बाजार, गणपत गल्लीत घेतली तर निदान भांडायला समोर माणूस असतो.

इथे माझीच फजिती सांगते. मी पहिल्यांदा आकडेवाली किटली घेतली तेव्हा १०० वर लावली, पाणी खदखदा उकळायला लागलं आणि आकडा मात्र ९७च्या पुढे जाईना. मी म्हटलं, फसवलं! बिल शोधलं, डबा बांधला, रिक्षा थांबवली. दुकानदार माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "बाई, बेळगाव डोंगरावर आहे की." आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. दर तीनशे मीटरला जवळपास एक अंश. म्हणजे आपल्याकडे उकळी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच येते. शंभर अंशांचं पाणी बेळगावच्या उघड्या पातेल्यात आजवर कुणी पाहिलेलं नाही. चांगल्या किटलीला हे कळतं, उकळी ओळखून ती बंद होते. ओळखत नसेल तर शंभराची वाट बघत नुसती वाफा सोडत राहते. हेही दुकानातच बघून घ्या.

आता सासऱ्यांची शंका. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण नियम त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचा मूळ हिशेब असा: २०२२-२३ या वर्षातली मीटरची महिन्याची सरासरी आणि वर दहा टक्के, एवढे युनिट मोफत. त्याच्या वर पण दोनशेच्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. दोनशे ओलांडले की पूर्ण बिल. तुमच्या घरात सात माणसं, तुमचा दिवसभर चालणारा लॅपटॉप आणि मीटर एकच.

आता किटलीचं ओझं किती ते बघा. अर्धा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला थोडी वाया जाणारी ऊब धरून एका युनिटचा विसावा हिस्सा लागतो. ८० अंशांवर थांबलात तर त्याहून कमी. दिवसातून तीनदा धरलं तरी महिन्याला चार-साडेचार युनिट. 'गरम ठेवा' विसरून चालू राहिलं तर सहा म्हणा. बाथरूममध्ये दोन हजार वॉटचा गीझर असेल तर तो रोज अर्धा तास चालून महिन्याला तीस खातो. हेस्कॉमची मागची सहा बिलं काढा आणि सासऱ्यांबरोबर बसा. आकडा दीडशेच्या आसपास फिरत असेल तर किटलीनं काही बिघडत नाही, फार तर चार युनिटांचे पैसे पडतील. तो १९५ला टेकलेला असेल तर त्यांची काळजी खरी आहे, पण मग बोलणं गीझरबद्दल व्हायला हवं. तुम्ही हिशेबाचं काम करता. हा कागद त्यांच्यासमोर तुम्हीच मांडा. त्यांना उडवून लावलं नाही, एवढं जरी त्यांना दिसलं तरी निम्मं काम होईल.

मला बिलापेक्षा काळजी वाटते ती वायरिंगची. जुन्या घरात माडीवरची लाइन बल्ब-पंख्यापुरती ओढलेली असते. दीड हजार वॉटची किटली साडेसहा ॲम्पिअर खेचते आणि छोटा प्लग सहाचा असतो. म्हणूनच तिला मोठी पिन असते. दुकानदार चाळीस-पन्नास रुपयांत मोठ्या पिनेला छोटं करणारा ॲडॅप्टर हातावर ठेवतो. तो घेऊ नका. लॅपटॉपच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नाही. हजार ते बाराशे वॉटची किटली बघा. बाराशेला सव्वापाच ॲम्पिअर लागतात. अर्धा लिटर पाणी ८० अंशांवर यायला तिला दोन मिनिटं पुरतात, त्याहून घाई कुणालाच नसते. तरीही वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या आणि जिथे किटली राहणार तिथे पॉवर पॉइंट काढून घ्या.

थोडं इतर वाचकांसाठी, कारण किटलीबद्दल निपाणी आणि खानापूरकडूनही पत्रं आली आहेत. तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधासाठी तापमानाची किटली घेणाऱ्यांनी एक पक्कं ध्यानात ठेवावं: किटली ७० वर लावली म्हणजे नळाचं किंवा बोअरचं पाणी ७० अंशांपर्यंत तापलं, उकळलं नाही. पाणी आधी पूर्ण उकळायचं, मग ते ७०च्या खाली जाऊ न देता पावडर कालवायची, कारण पावडरीतले जंतू त्या उष्णतेनं मरतात, आणि नंतर बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट झाल्यावर पाजायचं. जागतिक आरोग्य संघटनेनंही हीच रीत सांगितली आहे. पावडर लागते की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, किटलीच्या जाहिरातीनं नव्हे. सकाळच्या कोमट पाण्यालाही हेच लागू: ४५ अंशांना काही मरत नाही, त्यामुळे आत घालायचं पाणी पिण्याचंच हवं.

खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांत पावसाळ्यात व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १९० आलं तर किटलीची ताकद दोन-तृतीयांशच उरते, चार मिनिटांचं काम सहा मिनिटांवर जातं. किटली बिघडलेली नसते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मात्र ती लावू नका, तो बसेल. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्या किटलीत पांढरा थर धरतो. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), कोमट करून वीस मिनिटं, मग दोनदा खळखळून धुणं. महिन्यातून एकदा पुरे.

आता जागेचा प्रश्न, ज्याच्यावर सगळं अडलंय. किटली खोलीत की ओट्यावर, असे दोनच पर्याय तुम्ही मांडलेत. ओट्यावर ठेवली तर रात्री खाली जावं लागतं आणि सासूबाईंची झोप मोडते. खोलीत ठेवली तर चूल. पण तुमच्या घरात माजघर आहे. जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीला एक फळी आणि पॉवर पॉइंट. किटलीचा मुक्काम तिथे. दिवसभर ती सगळ्यांची. रात्री मीटिंग असली की खालच्या वायरवाल्या बैठकीसकट उचलून वर न्या, सकाळी पहिल्यांदा खाली आणून ठेवा. त्यासाठी वरचाही एक पॉइंट नीट करून घ्यावा लागेल, तो खर्च धरा. आणि सकाळी खाली आणल्यावर तिच्यातलं पहिलं पाणी सासूबाईंच्या तांब्यात जाऊ दे. खुशामत म्हणून नका करू. त्यांना ते लगेच कळेल. तुम्ही उठता तेव्हा त्या उठून तासभर झालेला असेल, तर मग बटण त्यांचं त्यांनीच दाबायचंय.

त्यासाठी बटणांवर काय लिहिलंय ते त्यांना वाचता आलं पाहिजे. इंग्रजी अक्षरं आणि अंशांची खूण असलेल्या त्या पट्टीवर बँडेजच्या पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन तुकडे लावा. ४५ला 'कोमट', ८०ला 'कढत', १००ला 'आधण'. हे तीन शब्द त्यांच्या हातात पन्नास वर्षं आहेत, त्यांना आकड्यांची गरज नाही. तुम्ही ८० म्हणता ते पाणी त्या पातेल्याच्या बुडाला धरलेल्या बारक्या बुडबुड्यांवरून आणि पाण्याच्या गुणगुणण्यावरून ओळखतात. एकदा करून बघाच: त्यांना आवाजावरून सांगायला लावा आणि तुम्ही आकडा बघा. माझी पैज त्यांच्या बाजूनं.

नवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. 'किटलीच की ती' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. किटलीच आहे, तर माजघरात फळी ठोकायचं काम त्यांच्याकडे द्या.

पैसे तुमचे आहेत आणि ते तुम्ही कसेही खर्च करा, त्याला कुणाची परवानगी नको. मला एवढंच वाटतं, की घेण्याआधी सासूबाईंना एक विचारा: रात्री मागावर चहा करायला उठायचात, तेव्हा तुमचा कप कधी व्हायचा? काय सांगतील ते ऐका, लगेच किटलीचा विषय काढू नका. दोन दिवस जाऊ द्या. आठ दिवसांची विसणाची चाचणी तोवर चालूच आहे.

आणि क्रम उलटा करू नका. किटली मागवली तर दोन दिवसांत दारात येईल. वायरमन 'उद्या येतो' म्हणाला की आठवडा धरायचा, श्रावणात तर दोन. त्याला आजच सांगून ठेवा.